नातेवाईक लागतो

देवरुखच्या सरकारी कचेरीत नम्रता रांगेत उभी होती. तिच्या पुढचे म्हातारे काशीराम खिडकीतल्या बाईंशी बोलत होते.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बघायला सरकारकडून घरी बाई येते म्हणे."

"पेशंट तुमचे कोण?"

"मैतर. लहानपणापासूनचा."

"नातेवाईक लागतो, आजोबा."

"मुलगा मुंबईला. गणपतीला तेवढा येतो."

"मग पेशंटलाच घेऊन या."

"तो चालत असता तर मी कशाला आलो असतो, बाय?"

"साहेब सोमवारी येतील. तेव्हा विचारा."

"गेल्या खेपेला आजच बोलावलं होतंत."

काशीराम सारखे दाराकडे बघत होते. नम्रताला राहवेना.

"काका, आता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"कोण नाय. बाहेरून कडी घालून आलोय."

नम्रताने रांग सोडली.

"चला, माझी स्कूटर खाली आहे."