दोन पोती

पेट्रोलपंपाच्या रांगेत माझ्यापुढे स्कूटरवर अंडीवाला होता. मागे त्याची बायको, मांडीवर अंड्यांचे रिकामे ट्रे.

“अहो, या पेट्रोलमध्ये मका असतो म्हणे?”

“मक्याची दारू काढून मिसळतात. धूर कमी होतो.”

“तरीच कोंबड्यांच्या मक्याचं पोतं एवढं महागलं. निम्म्या कोंबड्या विकाव्या लागल्या आपल्याला.”

“अगं, धुरानं पोरीला धाप लागते म्हणून तूच ओरडतेस ना?”

“ओरडते. आणि डॉक्टर म्हणतात, तिला रोज अंडं द्या.”

“मग मी काय करू, सांग.”

“काही नका करू. गाडी पुढे घ्या, आपला नंबर आला.”

“ताई, किती टाकू?” पंपावरच्या मुलीनं विचारलं.

“दोन पोती.”

“अगं, लिटर म्हण, लिटर!”

“कालपर्यंत पोतीच होती ती.”