डावा कोपरा

शिरूरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत सुफिया बसली होती. शेजारी दोघं भाऊ होते, थोरला महेंद्र आन् सुजल्या गुडघ्याचा धाकटा, संघर्ष.

"दादा, उद्या कबड्डीला कंपनीकडनंच उतरणार?"

"व्हय. फायनल जिंकली की साहेब पर्मनंट करणार हायेत."

"आन् मी गावाकडनं. चढाई कुठल्या बाजूला करशील?"

"डाव्या कोपऱ्यात. साहेबांनीच सांगितलंय."

"तिथं मी असतो. माझ्या गुडघ्याचं घराबाहेर कुणालाच ठावं न्हाई, दादा."

"उद्या तू खेळू नगंस."

"साहेबाला कुणी सांगितलं?"

संघर्षचा नंबर पुकारला. महेंद्र आधार द्यायला उठला.

"तू हितंच बस, दादा. डॉक्टर काय म्हणतील ते तुला कळायला नगं."