आगाऊ शुभेच्छा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आंत्ये फोसबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले नगराध्यक्ष बेरेन्ड्ससाहेब, नावाला शाळेच्या सचिव पण खऱ्या अर्थाने कर्त्याकरवित्या गेशे ओल्टमन्सबाई, माझे सहकारी शिक्षक, पालक, विद्यार्थी, दाराजवळची रांग मुद्दाम पकडून बसलेले आणि म्हणूनच माझ्या नजरेत भरलेले सज्जन, आणि ज्यांच्यासाठी आपण आज जमलो त्या कोरियाच्या चोंजू शहराहून आलेल्या आपल्या इंटर्न, सोल्मी यांगबाई!

मला बोलायला उभं केलं याबद्दल आभार मानायची पद्धत आहे. मानतो. पण मला का उभं केलं, ही शंका सकाळपासून मला सोडत नाही. फोसबाई मघाशी कानात म्हणाल्या, "ताम्मेनसर, पाचच मिनिटं हं." आता, पाचच मिनिटं असं जो बजावतो, त्याला सहाव्या मिनिटाची भीती असते. तेव्हा बाई, क्षमा करा, मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. आणि मी सारखा घड्याळाकडे बघतोय हे ज्यांच्या लक्षात आलंय, त्यांनी बघू द्यावं. कारण आहे.

दरवर्षी परदेशातल्या विद्यापीठांतून एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे शाळेचं काम शिकायला येते. त्यांची जबाबदारी माझ्याकडे असते. का? भौतिकशास्त्राचा मास्तर कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करत नाही म्हणून. यांगबाई सप्टेंबरात आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. बर्लिन आहे, म्युनिक आहे, ते सोडून कुणी आमच्याकडे का यावं? इथे आहे काय? समुद्राचा बांध, गाई आणि आपण. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, बर्लिनमध्ये सगळे इंग्रजीच बोलतात म्हणे. मला जर्मन बोलायची सवय करायची आहे."

"मग चुकलात," मी म्हटलं. "इथे कुणीच बोलत नाही."

त्या हसल्या. मी मात्र विनोद केला नव्हता.

त्याच आठवड्यात गेशेबाईंनी त्यांना चहाला घरी बोलावलं. आता पुरे, हे सांगायला कपात चमचा ठेवायचा, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. त्यांना कोण सांगणार? त्या कप रिकामा करत गेल्या आणि गेशेबाई भरत गेल्या. दुसऱ्या दिवशी गेशेबाई मला म्हणतात, "अहो, ही पोरगी चहा पिते की काय करते! किटली संपली, साखरेचे खडे संपले. हिच्या पोटात आहे तरी काय?" आणि यांगबाई मला विचारतात, "सर, यजमानांना राग न येता थांबवायचं कसं?" दोघी एकमेकींना भिऊन चहा पीत होत्या. गेशेबाई, असं बघू नका, गोड आठवण म्हणून सांगतोय.

आता मुद्द्याकडे येतो. जानेवारीत मी साठ वर्षांचा झालो. वाढदिवस रविवारी होता. शुक्रवारी मधल्या सुटीत यांगबाई एक झाकलेलं भांडं घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. आत समुद्रशेवाळाचं सूप. त्यांच्याकडे वाढदिवसाला ते हवंच. आणि सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी भांडं पुढे करत म्हणाल्या, "सर, रविवारी भेट होणार नाही, म्हणून आजच वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

गेशेबाई पुटपुटल्या, "अगं बाई! दोन दिवस आधी!"

नगराध्यक्षसाहेब, तुम्ही हसताय. पण गेल्या निवडणुकीत शेवटचं मत मोजेपर्यंत तुम्ही कुणाला अभिनंदनाचा हात पुढे करू दिला नव्हता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. दिवस उजाडण्याआधी शुभेच्छा घेतल्या की अपशकुन होतो, हे आपल्या हाडात आहे. मी विज्ञानाचा माणूस, मी हसून आभार मानले. फक्त टेबलाखाली हात नेऊन, इडापिडा टळो म्हणून, तीनदा लाकूड ठोकलं. टेबल प्लास्टिकचं निघालं.

शनिवारी सकाळी पाव आणायला निघालो, बांधाखालच्या वळणावर सायकल घसरली आणि मी चरात. घोटा मोडला. साठावा वाढदिवस इस्पितळात, पाय टांगून साजरा झाला.

बर्फ पडला होता. रस्ता गुळगुळीत, चाकं जुनी, आणि चालवणारा साठीचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. पण कुबड्या घेऊन शाळेत परतलो तर काय दिसलं? वेळापत्रकाशेजारचा वाढदिवसांचा फलक गायब. "धूळ झटकायला काढलाय," म्हणे. मी म्हटलं, इथे पाणी मुरतंय. ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, ही आपली रीत. फेब्रुवारीत एक केक आला नाही, मार्चमध्ये नाही. शाळेत एवढी माणसं आणि एकही जन्मलेला नाही? गणिताच्या सरांना तर मी त्यांच्या गाडीत, काचा वर करून, एकट्याने केक खाताना पाहिलं. नाव घेत नाही. ते दाराजवळ बसलेत.

कुणी काही बोललं नाही, ही तर आपली खासियत. फक्त यांगबाई दिसल्या की लोकांना अचानक कामं आठवायला लागली.

आणि यांगबाई? माझ्या दारात सुपाचं भांडं ठेवायचं, घंटी वाजवायची आणि पळायचं, असं सुरू झालं. सूप ठेवून पळणाऱ्या माणसाचा मला संशय येणारच. एके दिवशी मी दाराआडच उभा राहिलो आणि त्यांना गाठलं.

"पळता कशाला?"

"सर, माझ्यामुळे तुमचा पाय मोडला. मुलांनी मला सांगितलं सगळं."

"छे! बर्फामुळे मोडला. घर्षण कमी पडलं. नववीच्या पुस्तकात आहे."

"मग सगळे माझ्यापासून वाढदिवस का लपवतात?"

मंडळी, मी भांडं हातात घेतलं आणि त्यांना आत बसवलं.

पदवी झाल्यावर इथेच परत यायचं, शिक्षक व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी म्हणाल्या, "आता नाही, सर. शिक्षकाला रोजच शुभेच्छा द्याव्या लागतात. परीक्षेला, सामन्याला, पहिल्या नोकरीला. मी शुभेच्छा दिल्या आणि पोरं घाबरली, तर मी कसली शिक्षिका?" वसंतात आपली बारावीची मुलं परीक्षेला निघाली, तेव्हा व्हरांड्यात सगळे त्यांच्या पाठी थोपटत होते. यांगबाई जिन्याखाली ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. ज्यांना त्यांनी वर्षभर शिकवलं, त्या मुलांना "छान लिहा" एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. मुलं वळून वळून बघत होती. मला ते अजून टोचतं.

आज आपण फुलं दिली. भाषणं झाली. मी कान टवकारून ऐकत होतो. नगराध्यक्षसाहेबांनी सुखाचा प्रवास म्हटलं, फोसबाईंनी उज्ज्वल भविष्य म्हटलं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सराईतपणे टाळली. उद्या यांगबाईंचा वाढदिवस आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. खाली माना घालू नका, त्यावरूनच कळतं. आज शुभेच्छा देता येत नाहीत, आणि उद्या त्या विमानात. झाली की नाही सोय? मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही. तेवीस वर्षांची मुलगी आपला पायगुण वाईट आहे असं समजून आपल्या गावातून परत जाणार आहे, आणि आपण तिला लोण्याची बिस्किटं बांधून देतोय.

काय? मागून कोण बोललं? "मग तुम्हीच द्या की शुभेच्छा!" गणिताचे सर, बरोबर. दिल्या असत्या. पण मी काय वेडा आहे? पाय आत्ता कुठे जुळलाय. बर्फाचा सिद्धान्त मला तोंडपाठ आहे, तरी खात्री कुणी द्यावी? आणि माझं जाऊ द्या, उद्या विमानात त्या बसणार आहेत.

म्हणून मी आठवडाभर विचार केला. माणूस जन्मतो तो आपल्या गावच्या घड्याळावर. यांगबाई चोंजूत जन्मल्या. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा चोंजूत मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. आता कळलं मी का रेंगाळतोय? आणि बघा, भिंतीवर पाच वाजले...

काय म्हणता, गेशेबाई? हे घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे? खात्री आहे? शाबास. संशय असावा तर असा. मग चर्चची घंटा होईपर्यंत थांबू. नाहीतरी आभार राहिलेच आहेत.

तर, अध्यक्षांनी पाच मिनिटांची शिस्त मोडू दिली, त्यांचे आभार. नगराध्यक्षांनी खुर्ची सोडली नाही, त्यांचे आभार. चहा करणाऱ्या पालकांचे आभार, शेवटच्या रांगेचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा केक उघड्यावर आणला असेल, कुणाची किटली काढली असेल, तर म्हातारा संशयी आहे असं समजून पोटात घाला. जे अधिक बोललो ते माझं, जे उणं राहिलं ते तुम्ही...

ऐका. घंटा.

गेशेबाई, तुम्ही उभ्या राहिलात? आणि टेबलाखालून हे काय काढताय? केक? म्हणजे तुम्हीही वेळ मोजतच बसला होतात! ठेवा, ठेवा, मधोमध ठेवा.

सोल्मी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. रडायचं नाही, केक खारट होईल. आणि एक मागणं आहे. जानेवारीत माझा वाढदिवस पुन्हा येतो. तुमचं शिक्षण पूर्ण होईल त्या वर्षी, त्या दिवशी, याच शाळेत, मला शुभेच्छा तुमच्याच तोंडून हव्यात. फक्त आदल्या दिवशी नको. धड पाय एकच उरलाय.

चला मंडळी, दाराजवळच्यांनीसुद्धा. आता बोला.