शेवटची दहा मिनिटं

"अरे टेन्शन मत ले यार, कुछ बोलना ही नहीं है! मॅडम से रहा नहीं जाता... आखिरी दस मिनट में सब खुद लिखवा देती हैं."

हे कोण म्हणालं? सातवीतला अक्षत. कोणाला? शेजारी बसणाऱ्या सलोनीला, पाण्याच्या टाकीमागे. आणि टाकीच्या अलीकडे बाटली भरत कोण उभं? मी, तीच मॅडम! ऐकायला नको होतं, पण कानांना काय झाकण असतं? आणि तुम्हाला सांगते, बोलला याचा राग नाही आला... पोरगं बरोबर बोलून राहिलं होतं, याचा आला!

म्हणजे बघा, रिछाईच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत यंदापासून नवा हुकूम. शिक्षकांनी शिकवायचं नाही, मुलांना शिकू द्यायचं. हे आम्हाला पटवायला भोपाळहून एक सर आले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटेच बोलले! "टीचर कम बोले, बच्चा ज्यादा बोले!" एका दीदींनी हात वर केला, तर म्हणे, "प्रश्न अंत में, दीदी जी, अंत में." अंत आला तेव्हा सगळ्यांच्या बसची वेळ झालेली. आणि मी? मी आपली गप्प.

पण मनातून काय खूश झाले म्हणून सांगू! जन्मभर ऐकत आले, ही पोरगी काहून बोलत नाही... आणि आता गप्प बसायचीच नोकरी! सराव तर रांझीला सासरी आल्यापासून रोजचाच. सासरे, बापूसाहेब, निवृत्त मास्तर. शाळा सुटली, पण तास काही सुटला नाही. पाटावर बसले की सुरू, "सूनबाई, शिकवणं म्हणजे बोलणं! मी फळ्याशी उभा राहिलो की पोरं पापणी नव्हती लववत! आता म्हणे चर्चा करा... अहो, काही माहीतच नाही ती पोरं चर्चा करतील कशाची, डब्यातल्या भाजीची?" वरण गार, भात गार, आमचे अमेय मोबाईलमध्ये तोंड घालून... आणि मी? मी आपली गप्प.

तर टाकीपाशी मी ठरवलं, आता मेले तरी उत्तर सांगायचं नाही! आणि नेमके दुसऱ्याच दिवशी प्राचार्य सर माझा तास बघायला येणार. तास आवडला तर नोकरी पक्की, नाही तर सत्र संपलं की घर. घर म्हणजे काय, कळलं ना? दिवसभर बापूसाहेबांचा वर्ग, आणि हजेरीला मी एकटी!

धडा बाष्पीभवनाचा. रात्री मटका भरून ठेवला, शेजारी स्टीलची बादली भरून ठेवली, आणि सकाळी अमेयच्या मोटरसायकलवर मटका मांडीवर, बादली हातात, अर्धं पाणी साडीवर... चौकात एक भैया विचारतो, "पूजा है क्या, दीदी?" काय सांगू? आहेच म्हटलं तर चालेल!

वर्गात म्हटलं, दोन्हींत हात घाला, कोणतं पाणी गार? का? झालं! हात घातले, एकमेकांवर उडवलं आणि मग... "मॅडम, ये परीक्षा में आएगा?" "मॅडम, कितने नंबर का?" मी म्हटलं, ते सोडा, तुम बताओ, ठंडा क्यों है? अक्षत इतक्या अदबीनं उठला म्हणून सांगू, "मॅडम, हम सोच रहे हैं."

आणि अख्खा वर्ग हाताची घडी घालून विचार करायला बसला!

मला वाटलं, बसा. गप्प बसण्यात मला कोण हरवणार? सासुरवाशीण आहे मी! पण ती पोरं किती, मी एकटी. पंखा कुरकुरतोय, मागे प्राचार्य सर घड्याळ बघतायत, खाकरतायत... आणि मी? मी आपली गप्प.

आणि तेवढ्यात सलोनी उठली की हो! मटक्याच्या बुडाशी टेबल ओलं झालं होतं, तिथं तिनं बोट लावलं. मग बादलीच्या बुडाशी लावलं. तिथं कोरडं. पुन्हा मटक्याशी. बोटाकडे बघत राहिली, हात वर केला, तोंड उघडलं, "मॅडम, ये नीचे से..."

"मॅडम जी!" मागून प्राचार्य सर. "कुछ पढ़ाइए भी! पीरियड खतम होने को आया!"

नोकरी पक्की झाली, ते आताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला लावू नका. जाताना सर म्हणाले, "बहुत बढ़िया, बच्चे एकदम शांत थे."

पण त्या क्षणी... दहा मिनिटं उरली होती. अक्षतनं माझ्याकडे न बघताच पेनाचं टोपण काढलं. सलोनीचं ओलं बोट अजून वरच होतं. आणि घरीदारी, चौकात, मटक्यासकट गप्प राहिलेली मी, शेवटी बोलले,

"सलोनी बेटा, हाथ नीचे. चलो, सब कॉपी निकालो... लिखो, मटके में बहुत छोटे-छोटे छेद होते हैं."