दिवा उजवीकडे

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिथे गाडीचं छत वाळतंय. स्टुलावर बसा. आणि हळू बोला, आमचे हे आत झोपलेत — ऐकू येतंय ना? जेवण झालं की दोन ते साडेतीन, रोजची करवत. तुम्ही बेल दोनदा वाजवलीत, तरी लय बिघडली नाही बघा. तुम्ही त्या छोट्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी ना? ओळखलं मी. बक्षीस समारंभात तासभर बोललात, त्यातला अर्धा तास माइक चालू आहे का हेच विचारत होतात. रागावू नका, मी अशीच बोलते, ह्यांना विचारा — म्हणजे उठल्यावर विचारा.

हे? हे काही नाही, धूळ झटकत होते. — कापसाची काडी आहे हातात, हो, मग? एवढ्याशा गाडीची धूळ काय झाडूने झटकू? आणि दुसऱ्या हातात ब्लेड आहे, तेही दिसलं का? डोळे चांगले आहेत हो तुमचे, परीक्षण करताना कुठे ठेवून येता? बरं, पाहिलंत तर पाहिलंत, मला आता हे मध्ये सोडता यायचं नाही. ही खिडकीच्या चौकटीवर चिकटवायची चंदेरी फॉइल आहे ना, ही एकदा मागच्या कागदावरून सुटली की तिचा गोंद उघडा पडतो, जराशी धूळ बसली की गेली. श्वास जोरात सोडलात तरी स्वतःवरच दुमडते, मग ती परत उलगडत नाही, कितीही लाडीगोडी लावा. तेव्हा बोला तुम्ही, पण तिकडे तोंड करून बोला.

काय म्हणालात? रविवारी प्रात्यक्षिक? तुमच्या प्रदर्शनात, सगळ्यांसमोर, कॅमेरा लावून हात पडद्यावर मोठे करून दाखवणार? वा. नाही जमायचं. रविवारी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. आणि आम्ही गावाला चाललोय. — दोन्ही. पाहुण्यांना घेऊन चाललोय. हसू नका, काडी हलते माझी.

आणि शिकवायचं काय त्यात एवढं? तुमच्या क्लबातले ते वीस-पंचवीस बाप्ये — घरात मिठाचा डबा सापडत नाही एकालाही, पण बोटभर गाडीच्या बंपरवर भिंग लावून तासभर उभे! सांगते ना मी, त्यासाठी पडदा कशाला? गाडी आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, बोटांचं तेल राहिलं तर फॉइल धरत नाही. तुकडा खिडकीच्या चौकटीपेक्षा जरा मोठा कापायचा, अलगद टाकायचा, मधून कडेकडे काडीने दाबत जायचं — असं — सुरकुती बाहेर पळाली पाहिजे. मग दात कोरायची काडी घेऊन खाचेत बसवायची, आणि मग कोरं ब्लेड. रोज नवं. नुसतं ब्लेडच्या वजनाने कापायचं, तुमचा जोर नको, जोर लावलात की खालचा रंग चिरला. तुमच्या त्या खजिनदारांची गाडी बघितली होती मी गेल्या वर्षी, चौकट कसली, कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि वर तो गृहस्थ आमच्या ह्यांना सांगतो, “तुमची फॉइल चांगली निघाली म्हणून बरं, आम्हाला जुनी मिळाली.” म्हटलं, हो, फॉइलचीच चूक! मीच मेली दोन दुपारी मान मोडून —

म्हणजे, हे. ह्यांनी मान मोडून.

बघताय काय असे? बरं, ऐका. पण इथून बाहेर एक शब्द गेला ना, तर पुढच्या समारंभात माइक हिसकावून घेईन तुमचा. हे पाट्या रंगवायचे, माहीत आहे ना तुम्हाला? तीस वर्षं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. खाली पट्टी न धरता सरळ रेघ मारायचे हातभर, आणि लोक रस्त्यात उभे राहून बघायचे, आणि ह्यांना ते कळायचं, मग आणखी सावकाश मारायचे — हौस किती! आणि आता चहाचा कप धरला तर अर्धा बशीत. डॉक्टर म्हणाले ही थरथर वाढत जाणार, कमी व्हायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका काचेच्या चौकटीवर चार दिवस बसले होते. अकरा वेळा फाटली फॉइल. मी मोजलं. आरडाओरडा केला असता तर चाललं असतं मला, पण नुसते हात मांडीखाली घालून बसले. माझ्याच्याने बघवेना, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी हे झोपल्यावर काढून टाकली ती आणि नवी लावली. मी काजं करायचे शिंप्याकडे, लग्नाआधी, दिवसाला शंभर, मला काय ही चौकट! उठले, चष्मा लावला, म्हणाले, “जमलं की मला.” पुरुषांचं बरं असतं, तुम्हीच केलंत म्हटलं की लगेच पटतं. तेव्हापासून हे सकाळी लावतात, मी दुपारी काढून परत लावते. तुमचे दोन्ही चषक — हो, ते तिथे कपाटावर, पुसते पण मीच — ते ह्या हाताचे आहेत. डाव्या. मी डावखुरी, म्हणून आधी टेबलावरचा दिवा उजवीकडे घ्यायचा, नाहीतर माझ्याच हाताची सावली, आणि साडेतीनच्या आत परत डावीकडे. हल्ली तर बसायला येते तर दिवा उजवीकडेच असतो, आदल्या दिवशी हलवायचा विसरत असेन, वय झालं.

आणि कौतुक तरी धड करावं? तेही नाही. चष्मा लावून बसणार आणि पुटपुटणार — “आज कोपरा जरा जाड झाला. घाई झाली मला.” परवा म्हणे, “दाराच्या मुठीवर सांधा दिसतोय, हे बरं नाही, असं काम मी करत नाही.” मी आत भाजी चिरतेय आणि दात-ओठ खातेय. पण म्हटलं, स्वतःलाच बोलताहेत बिचारे, बोलू देत. आता तुम्ही सांगा, ह्या माणसाला रविवारी सगळ्यांसमोर बसवायचं? पडद्यावर हात एवढा मोठा, थरथरतोय, आणि तो बघणार कोण, तर हेच! त्याच क्षणी कळेल ह्यांना की आपण काही केलेलं नाही, दोन वर्षं. लोकांचं सोडा हो. ह्यांना नको कळायला. म्हणून सांगते, पाहुणे येणार आहेत.

आणि तो कागद काय मघापासून नाचवताय माझ्यासमोर? माझ्या हातात ब्लेड आहे, वाचा तुम्हीच. माझी सही? माझी कशाला?

काय? परत वाचा. — नाही, द्या इकडे.

अक्षर ह्यांचंच. कसं वेडंवाकडं झालंय. “प्रात्यक्षिक करून दाखवणार: माझी पत्नी. मी शेजारी बसून माहिती सांगेन. ती डावखुरी आहे, दिवा उजवीकडे ठेवावा.”

दिवा उजवीकडे ठेवावा.

म्हणजे दिवा हे — थांबा, थांबा जरा. केव्हापासून? आणि ते “कोपरा जाड झाला”, “असं काम मी करत नाही” — ते मला होतं? मला ऐकवत होता हा माणूस? दोन वर्षं माझ्या कामाला नावं ठेवली, माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर, आणि मी आपली बिचारे, बिचारे म्हणून आत भाजी चिरतेय! आणि मी चोरासारखी चप्पल काढून चालते हो ह्या खोलीत, आवाज होऊ नये म्हणून! — नाही, रडत नाहीये, तुमच्याकडे तोंड करून बोलले म्हणून धूळ गेली डोळ्यात. पेन द्या. कुठे करायची सही, इथे? अनवाणी चालले मी दोन वर्षं. घ्या. आणि तुमच्या त्या खजिनदारांना पहिल्या रांगेत बसवा, म्हणावं जुनी फॉइल घेऊन या, जुन्या फॉइलवर करून दाखवते.

श्श. ऐका.

घोरणं थांबलंय. मगाशीच थांबलं असणार. काहीतरी म्हणालात का तुम्ही मध्ये? मीच बोलत होते, आणि हे आत ऐकत होते. बरं, निघा आता तुम्ही, दार हळू लावा — नाही, आपटा हवं तर, आता काय राहिलंय!

अहो! आतले! घोरा बघू. माझी अजून एक खिडकी राहिलीये.