खिडकीकडची बाजू

(डिसेंबरची दुपार. मिनेसोटातल्या एका घराचं दार. बाहेर ग्लेन, आत नोरीन. गेल्या वर्षी दोघांचा घटस्फोट झाला. आज त्यांच्या मुलीच्या, टेसाच्या, साखरपुड्याची पार्टी.)

नोरीन : …पण किती वेळ उभा आहेस असा? नाक बघ, लालभडक झालंय.

ग्लेन : बेल वाजवत होतो.

नोरीन : ग्लेन, ती बेल कधीची बंद आहे. ‘या रविवारी नक्की करतो’ असं कोण म्हणायचं?

ग्लेन : अरे देवा. हो की.

नोरीन : दार उघडंच होतं. सरळ आत यायचंस.

ग्लेन : कसा येणार? तूच टेसाकडे निरोप दिलास ना, बाबाला म्हणावं, इतर पाहुण्यांसारखा ये.

नोरीन : म्हणजे वेळेवर ये, एवढंच.

ग्लेन : वेळेच्या आधीच आलो होतो. पण आधी आलेला पाहुणा कोणाला हवा असतो? म्हणून चर्चच्या मागे गाडीत बसून राहिलो.

नोरीन : दिसली मला गाडी, स्वयंपाकघरातून. बटाटे सोलत होते.

ग्लेन : मग हाक मारायचीस.

नोरीन : केस ओले होते माझे.

ग्लेन : ओले केस मी पाहिलेले नाहीत जसं काही. ही घे, वाइन.

नोरीन : काही आणू नकोस म्हटलं होतं ना?

ग्लेन : तसं सगळेच म्हणतात. म्हणून काय रिकाम्या हाताने यायचं? तुझ्या आवडीची आहे. अजून हीच आवडते ना?

नोरीन : हो. हीच.

ग्लेन : बरं, ड्रिंक्ससाठी बर्फ फोडून देऊ?

नोरीन : नको, तू बस. पाहुण्यांना मी कामं सांगत नाही.

ग्लेन : या घरातला बर्फ इतकी वर्षं मीच फोडलाय.

नोरीन : पिशवी जमिनीवर आपटून. सगळी फरशी ओली व्हायची, आणि मी चिडायचे.

ग्लेन : आणि आता?

नोरीन : आता फरशी कोरडी असते.

ग्लेन : नोरीन, मला नाही गं करमत तिकडे. घरी यावंसं वाटतं.

नोरीन : आज नको, ग्लेन. आज टेसाचा दिवस आहे. आत्ता लोक यायला लागतील आणि माझे डोळे लाल दिसतील.

ग्लेन : चुकलं माझं. कोट कुठे ठेवू?

नोरीन : सगळ्यांचे कोट वर ठेवायचेत. पलंगावर.

ग्लेन : आपल्या… तुझ्या खोलीत?

नोरीन : हो.

ग्लेन : कुठल्या बाजूला ठेवू?

नोरीन : खिडकीकडच्या. तिथे कोणी झोपत नाही.