दादांचं 'नाऊँ'

…नाही, पण मी म्हणतो, एखाद्या भाषेला माज असावा तो किती? 'कर' म्हणा, सगळं सरळ. 'नको करू' म्हणायची वेळ आली की क्रियापद तोंड फिरवून बसतं! तुम्हाला सांगतो, जन्मभर नळ आणि पाइप विकले, शाळेला कधीच रामराम ठोकला, तरी गिऱ्हाइकांच्या चार भाषा काउंटरवर उभ्या उभ्या शिकलो. पण ही पोर्तुगीज… देवा!

हौस म्हणून नाही हो. आमचे दादा, थोरले भाऊ, समुद्रापार एका बंदरात अर्धं आयुष्य दुकान चालवून परतले आणि आल्या आल्या झटका आला. उजवी बाजू गेली, मराठी गेली, राहिली फक्त पोर्तुगीज! डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी." होतं म्हणे! आईच्या कुशीतली भाषा पुसली जाते आणि गोदीतली टिकते, हा कुठला न्याय?

दिवसभर ओरडायचे. "नाऊँ!" आणि पुढे काहीतरी गिचमिड. आमची ही म्हणाली, "दूध मागतायत." दिलं, तर भिंतीवर! "मग पांघरूण हवंय." लाथाडलं! डावा पाय शाबूत होता ना…

म्हणून शिकवणी. एक निवृत्त दुभाषी बाई मिळाल्या. म्हणाल्या, "म्हणा, माझं नाव अमुक." म्हटलं, "बाई, नाव राहू द्या. आमच्याकडे सकाळपासून नुसतं 'नाऊँ' चाललंय, तिथून सुरू करा."

"काका, ते अवघड आहे. 'नाऊँ' म्हणजे नको. 'फाला' म्हणजे बोल. बोलू नको म्हणजे 'नाऊँ फालेश'."

"फालाचं काय झालं?"

"बदललं."

"का?"

"नकार आला ना!"

बघा! 'नको' म्हटलं की तोंड फिरवलंच! आणि वर ते जोडशब्द… 'दे' म्हणजे पासून, 'आ' म्हणजे स्त्रीलिंगी नामापुढे चालणारा भालदार. दोघं शेजारी आले की होतं 'दा'! पाटीवर दोन भागीदार, आत जाऊन बघावं तर गल्ल्यावर तिसराच!

तर एकदा बाईंनी उदाहरण दिलं, "दा जानेला. खिडकीपासून." मी बसल्या जागी थिजलो. अहो, हेच! दादांच्या प्रत्येक ओरडण्याचं शेपूट हेच! "बाई, आणि त्याच्या आधी 'नाऊँ म तीरेश' असेल तर?"

"मला हलवू नको, खिडकीपासून."

आणि आम्ही काय करत होतो? वारा बाधेल म्हणून रोज सकाळी त्यांची खाट उचलून आतल्या भिंतीला लावत होतो! मायेनं! पुढचे दोन पाय मीच धरायचो…

खाट परत खिडकीशी लावली. ओरडणं थांबलं. इतकं थांबलं की ही घाबरली, "अहो, बघा तरी, आहेत ना?" होते. रस्त्यावरच्या हातगाड्या बघत होते.

मग मी शेजारी बसून धडे म्हणायचो आणि ते चुका काढायचे. बोलून नाही, नाक मुरडून. असं नाक, की बाई परवडल्या!

पुढे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तुम्ही समजलात. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, "मरणे या क्रियापदाचं… नकारात काय होतं हो?" बाईंनी चष्मा काढला. पुसला. आणि सांगितलं.

घरी आलो. वाटभर घोकलं होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि जीभच अडली. "दादा… नाऊँ मोर्रे."

एक डोळा उघडला. नाक मुरडलं. "मोर्राश."

बघा! तिथंही क्रियापदानं तोंड फिरवलंच! म्हटलं, "नाऊँ मोर्राश, दादा." त्यांनी मान हलवली. पसंत पडलं. पुन्हा खिडकीकडे वळले.

दोन दिवसांनी गेले.

बाई म्हणाल्या, "काका, वाक्य अगदी शुद्ध होतं तुमचं." असेल हो. पण थोरला भाऊ धाकट्याचा हुकूम पाळतो होय कधी!